चौदा अंगठे

जुईच्या आईच्या पिशवीतून कॅलेंडरची गुंडाळी बाहेर डोकावत होती. आत दोन मुलांचे रिव्ह्यू व्हायचे होते, तिसरा नंबर आमचा. एप्रिल महिना, पालघरच्या त्या ऑफिसच्या व्हरांड्यात पंखा नव्हता. जुई आईच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"ते काय आणलंत, ताई?" मी विचारलं.

"तुमीच बोल्ले ना फोनवर, पोरीने हाताने केलेलं कायतरी घेऊन या. हेच हाय तिचं. गेल्या वर्षाचं आणि यंदाचं, दोन्ही आणलेत."

मला एखादं चित्र, रंगवलेला कागद अपेक्षित होता. कॅलेंडर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"हे आत काढू नका," मी म्हणालो.

"का?"

"साहेबांना त्यातलं काय कळणार? खेळ आहे तो तिचा."

त्यांनी गुंडाळी पिशवीत खाली दाबली आणि वर पाण्याची बाटली ठेवली. मी सांगितलं म्हणून. मी सर होतो.

या प्रसंगाला आता काही वर्षं झाली. त्या व्हरांड्यात मी काय केलं ते घरीसुद्धा कोणाला सांगितलेलं नाही. इथे सांगतो.

मी विशेष शिक्षक आहे. सरकारच्या समावेशित शिक्षण योजनेत, कॉन्ट्रॅक्टवर. दिव्यांग मुलांना शक्यतो नेहमीच्याच शाळेत, इतर मुलांबरोबर शिकवायचं, अशी ही योजना. ज्यांना शाळेत बसणं अजून जमत नाही त्यांच्या घरी शिक्षकाने आठवड्यातून एकदा जायचं. त्याला आम्ही होम-बेस्ड म्हणतो. त्या वर्षी माझ्याकडे सफाळ्याच्या आतल्या गावांपासून बोईसरपर्यंत चोवीस मुलं होती. वाहन माझी मोटरसायकल.

जुई चोविसातली एक. सालवडला चाळीतल्या एका खोलीत राहायची. वडील तारापूरच्या एमआयडीसीत ऑपरेटर, मूळचे धुळ्याकडचे. आई केळव्याकडची. जुई सहा वर्षांची होती आणि तिला ऑटिझम होता, म्हणजे मराठीत स्वमग्नता. हा शब्द मला फारसा पटत नाही. मूल स्वतःत मग्न असतं असं नाही. बाहेरचं सगळं त्याच्यावर एकदम येऊन आदळतं. आवाज, उजेड, माणसं, कपड्याची शिवण. मग ते ठरलेल्या गोष्टी घट्ट धरून ठेवतं. रोज तोच कप, तोच रस्ता, तोच क्रम. क्रम मोडला की त्याच्या पायाखालची जमीनच जाते.

जुईला शाळेत घातलं होतं. तीन दिवस टिकली. तिथे घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला होता. तो वाजला की ती कान दाबून सुटायची, थेट रस्त्याकडे. रस्त्यावर एमआयडीसीचे टँकर. मुख्याध्यापिका वाईट बाई नव्हत्या. मला म्हणाल्या, "सर, मला एकच शिपाई आहे. ही गाडीखाली आली तर मी कोणाला तोंड दाखवू?" मग ठरलं की एक वर्ष होम-बेस्ड. तेवढ्यात मी तिची तयारी करून घ्यायची, एप्रिलमध्ये रिव्ह्यू आणि जूनमध्ये मदतनीसासह पुन्हा शाळा. त्यासाठी मी बारा उद्दिष्टं लिहून दिली. घंटा वाजली तरी जागेवर बसणं. लघवीला जायचं असेल तर कार्ड दाखवणं. दहा मिनिटं दुसऱ्या मुलाशेजारी बसणं. अशी बारा.

घंटेचं काम कसं करतात ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मी शाळेची घंटा मोबाईलवर रेकॉर्ड केली. पहिल्या दिवशी आवाज जेमतेम ऐकू येईल इतका ठेवला. ती बसून राहिली की पुढच्या आठवड्यात एक पायरी वर. मधले दिवस आईने त्याच पायरीवर सराव घ्यायचा. पण पायरी मी बदलायची, कारण मूल कुठे ताणलं जातंय ते ओळखावं लागतं. एक बुधवार चुकला की दोन पायऱ्या खाली यावं लागायचं. दोन चुकले की पहिल्यापासून.

माझा जुईकडचा वार बुधवार. वडील रात्रपाळी करून खोलीत झोपलेले असायचे, म्हणून आम्ही बाहेर पॅसेजमध्ये चटई टाकायचो. शेजारच्या भाभी भाजी निवडत बघत बसायच्या. "आ गए मास्टरजी," त्या आत हाक मारायच्या. "जुई, तेरा टाइम हो गया."

भेट संपली की पालकाची सही घ्यायची. माझ्या बॅगेत शाईचा पॅड असतो, कारण बरेच पालक अंगठा देतात. जुईच्या आईला सही येते. पण पहिल्याच दिवशी जुईने बॅगेतून पॅड काढला, अंगठा बुडवला, आत गेली आणि भिंतीवरच्या मेडिकलवाल्याच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत उमटवला. बरोबर बुधवारच्या चौकटीत. तेव्हापासून हाच शेवट. आधी आईची सही, मग जुईचा अंगठा, मग मी चपला घालायच्या. क्रम बदललेला तिला चालत नसे.

आता सह्यांचं.

आमच्यात एक रीत होती. सगळ्यांची होती असं म्हणणार नाही, माझी होती. महिन्याच्या पहिल्या भेटीत पुढच्या तीन सह्या घेऊन ठेवायच्या. "पेन हातात आहेच तर करून टाका, ताई." पालक नाही म्हणत नाहीत. सरकारी माणूस दारात आला हेच त्यांना खूप वाटतं. सह्या झाल्या की तारखा मी मागाहून भरायचो.

पहिले दोन बुधवार चुकले ते पोर्टलमुळे. मुलांची माहिती ऑनलाइन भरायची शेवटची तारीख होती, ऑफिसात बसावं लागलं. त्यानंतरचे पोर्टलमुळे चुकले नाहीत. एका बुधवारी मी बोईसरला घरीच होतो. गाडी ठीक होती, तब्येत ठीक होती. नुसता गेलो नाही. रजिस्टर भरलेलं होतं.

एक गोष्ट मात्र मी कधी केली नाही. प्रगतीचा रकाना खोटा भरला नाही. मुलाला जे येतं तेच लिहायचं. याचा मला अभिमान होता.

तर एप्रिलमध्ये आमचं नाव पुकारलं. आत तिघं होती. आमचे समन्वयक साहेब, ठाण्याहून आलेल्या मानसशास्त्रज्ञ मॅडम आणि शाळेच्या मुख्याध्यापिका. साहेबांनी फाइल वाचली.

"व्हिजिट चाळीस. उद्दिष्टं बारा. साध्य पाच."

जुईच्या आईने मान वर केली. आधी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी फाइलकडे बघत होतो.

मॅडमनी जुईशी दहा मिनिटं घालवली. चांगलं काम करत होत्या, घाई नव्हती. जुईने त्यांच्या टेबलावरच्या पिना लांबीप्रमाणे लावून दिल्या. मग मॅडम म्हणाल्या, "मुलगी हुशार वाटते. पण मला आकडा खटकतो. एकास एक शिक्षक, चाळीस सेशन, आणि घंटेचा सराव अजून तिसऱ्या पायरीवर? म्हणजे शिकण्याचा वेग फारच कमी आहे. तिला पस्तीस मुलांच्या वर्गात बसवलं तर ती कोसळेल."

"सर, तुम्हाला काय वाटतं?" साहेबांनी मला विचारलं.

मॅडमचा तर्क बिनचूक होता. आकडा माझा होता. मला एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, हे पाच चौदा भेटींत झालेत. चौदा भेटींत पाच म्हणजे मुलगी झपाट्याने शिकतेय. पुरावा बाहेर न जाता मिळाला असता, आईच्या मांडीवरच्या पिशवीत होता.

मी म्हणालो, "मॅडम म्हणतात त्यात तथ्य आहे."

साहेबांनी लिहिलं, 'गृहाधारित शिक्षण पुढे चालू ठेवावे.' मुख्याध्यापिकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तो मला ऐकू आला.

पुढचा बुधवार मी टाळला. त्याच्या पुढच्या बुधवारी गेलो. जुईचं काम झालं, आवाज पुन्हा पहिल्या पायरीवर. मी रजिस्टर काढलं. आईने पेन घेतलं नाही.

"सर, तुमी आमच्याकडं चाळीस वेळा आले?"

"रजिस्टरला तसं आहे."

"रजिस्टरला मीच सही केली. म्हंजे मी पण खोटीच."

"तुमचा काही दोष नाही, ताई."

"दोष कोणाचा ते मी विचारीतच नाय." आवाज चढला नव्हता, आत नवरा झोपलेला होता. "पोर चौदा वेळात शिकली तेवढं, आणि कागदावर चाळीस लिवलं. म्हंजे कागदावर ती ढ झाली ना? त्या ठाण्याच्या मॅडम बोलल्या ते हेच ना?"

मी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"तुमाला ठाऊक हाय, तुमी येत नाय त्या दिवशी ही काय करते? अंगठा असा वर धरून उंबऱ्यात उभी ऱ्हाते. जेवायला पण डाव्या हाताने. मी बोलते, बाय, पॅड सरांकडं हाय, आज नाय. ऐकत नाय. दिवा लागेपर्यंत तशीच."

भाभींनीही तेवढ्यात आपलं म्हणणं पुढे केलं. "हम तो चिढ़ाते थे इसको, तेरा मास्टर भाग गया. फिर चिढ़ाना छोड़ दिया. अच्छा नहीं लगता था."

"तक्रार करा माझी," मी म्हणालो. हे बोलणं सोपं होतं, कारण त्या करणार नाहीत हे मला दिसत होतं.

"तक्रार करून काय? तुमाला काढतील, मग इकडं येतो कोण? मी तक्रार करणार नाय. पण आता तुमी चाळीस या. खरेखुरे. मी मोजणार." मग त्यांनी सही केली. एकच.

मी गेलो. मे महिन्यात सुट्टी असते, तेव्हाही गेलो. पावसात केळव्याच्या बाजूचा रस्ता पाण्याखाली होता त्या बुधवारी तिकडचं मूल राहिलं, जुईकडे गेलो. हे फार मोठं केलं असं नाही. पगार त्याचाच होता.

फरक पडला तो असा. आवाज दर आठवड्याला एक पायरी चढत गेला. श्रावणात मोबाईल पूर्ण आवाजावर. मग मुख्याध्यापिकांची परवानगी काढून शाळा सुटल्यावर आम्ही तिला खऱ्या घंटेपाशी नेलं. आधी शंभर पावलांवरून, मग पन्नास. एके दिवशी तिने हातोडी स्वतःच मागितली. एकदाच मारली, कान दाबले आणि जागेवर उभी राहिली. शिपाई म्हणाला, "सर, हिला ठेवूनच घ्या, मला सुट्टी मिळंल."

दिवाळीच्या आधी मी मध्यावधी रिव्ह्यूचा अर्ज दिला. नियमात तशी सोय आहे, फारसं कोणी वापरत नाही. साहेबांनी एकट्याला बोलावलं. फाइल समोर होती.

"एप्रिलपर्यंत चाळीस भेटींत पाच. आता चोवीस भेटींत आणखी सहा. काय जादू केलीत?"

"साहेब, चाळीस नव्हत्या. चौदा होत्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कशावरून?"

या वेळी कॅलेंडर माझ्या बॅगेत होतं. आईकडून मागून आणलं होतं. मी दोन्ही वर्षांची टेबलावर पसरली. जांभळे अंगठे, बुधवारच्या चौकटीत. मधल्या रिकाम्या चौकटी त्यांना दाखवाव्या लागल्या नाहीत. त्यांनी एका अंगठ्यावर बोट ठेवलं.

"लहान आहे हो," ते म्हणाले. मग, "हे गुंडाळा."

"साहेब, मी लेखी द्यायला तयार आहे."

"रजिस्टरला पालकाची सही आहे?"

"आहे."

"मग चाळीस आहेत. ऐका माझं. हे मी लिहून घेतलं तर उद्या मला तुमची बाकीची मुलं बघावी लागतील. मग बाकीच्या शिक्षकांची रजिस्टरं. चौकशी वर्षभर चालेल आणि मुलगी तोवर घरी बसेल. तुम्हाला मुलगी शाळेत घालायची आहे, का स्वतःला मोकळं करून घ्यायचं आहे?"

"मुलगी."

"मग कारण लिहा. 'अध्यापन पद्धतीत बदल.'"

मी लिहिलं. बरं वाटलं. मुलीचं काम झालं आणि माझी नोकरी राहिली, दोन्ही एकाच ओळीत. साहेबांनी मला वाचवलं की अडकवलं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांनी फक्त दार उघडं ठेवलं. आत मीच गेलो.

दुसऱ्या सत्रात जुई शाळेत बसली. चाळीतलीच एक बाई मदतनीस म्हणून मिळाली. जुईने वर्गात एक वेगळीच सोय करून ठेवली. तिला घड्याळ कळतं. घंटेच्या एक मिनिट आधी ती दोन्ही कानांत बोटं घालून बसते. ते बघून अख्खा वर्ग दप्तर भरायला लागतो. वर्गशिक्षिका वैतागतात, पण हसतातही. बाराव्या उद्दिष्टाचं काही झालं नाही, नजरेला नजर देऊन बोलणं. त्यावाचून काही अडत नाही हे मला उशिरा कळलं.

बुधवारी मी शाळेत जायचो. चाळिसावा अंगठा जानेवारीच्या अखेरीला उमटला. तोपर्यंत तिसरं कॅलेंडर आलं होतं. आई न्यायला आल्या होत्या, त्यांनी बोटांवर मोजून घेतलं.

"झाले, सर. चाळीस. आता तुमचं ते रजिस्टर खरं झालं समजा."

असं रजिस्टर खरं होत नसतं. पण त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं, म्हणून मी मान हलवली.

फेब्रुवारीत मला प्रशिक्षणात बोलायला बोलावलं. 'अध्यापन पद्धतीत बदल' हे वाक्य फाइलमधून वर गेलं होतं आणि तिथे कोणाला तरी आवडलं होतं. पन्नासेक शिक्षक बसले होते. एका नव्या शिक्षिकेने वही उघडून विचारलं, "सर, नेमकी पद्धत काय वापरलीत?"

"दर बुधवारी जायचं," मी म्हणालो.

सगळे हसले. टाळ्याही पडल्या. सर विनोदी आहेत, असं झालं. मला प्रमाणपत्र दिलं. ते रजिस्टरांच्याच कपाटात आहे.

त्या रात्री नाही, पुढच्या रविवारी, मी मागच्या वर्षाचं रजिस्टर काढून बसलो. जुई सोडून तेवीस मुलं. कोणाकडे खरंच किती वेळा गेलो ते पेन्सिलीने लिहावं म्हणून. लिहिता आलं नाही, आठवेना. एका पानावर थांबलो. सफाळ्याच्या आतल्या पाड्यावरचं घर. आईचे अंगठे, जानेवारीत चार, फेब्रुवारीत चार. ते कुटुंब भात झोडून झालं की वीटभट्टीवर जातं आणि होळीला परत येतं. जानेवारी-फेब्रुवारीत त्या घराला कुलूप असतं. कुलूप लावलेल्या घरातून मी आठ अंगठे आणले होते, ती माणसं निघायच्या आधीच घेऊन ठेवलेले. त्या मुलाच्या प्रगतीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'नाही.' ते मात्र खरं होतं.

माझं काय चुकलं ते मला तेव्हा नीट कळलं. भेटी खोट्या आणि प्रगती खरी, असं एकत्र लिहिलं की पाप मुलाच्या नावावर चढतं. दोन्ही खोटं लिहिलं असतं तर मुलांचं इतकं नुकसान झालं नसतं. मी फक्त एका रकान्यात प्रामाणिक राहिलो, त्याची किंमत त्यांनी दिली.

आता नवे शिक्षक कामाला लागले की माझ्याबरोबर आठवडाभर फिरतात. मी त्यांना फार शिकवत नाही. एवढंच सांगतो की शाईचा पॅड मुलाच्या हाताशी ठेवा आणि भिंतीवर कॅलेंडर नसेल तर स्वतः नेऊन टांगा. आधी मुलाचा अंगठा, मग पालकाची सही. ते विचारतात, याचा नियम कुठे आहे? मी सांगतो, नियम नाही. जुईकडे कॅलेंडर होतं. बाकीच्या तेवीस घरांत नव्हतं.